पाण्याचे दिवस टाळून काढलेली तारीख

आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. कुणाच्या गल्लीत पाच दिवसांनी येतं, कुणाच्या आठ दिवसांनी, आणि येतं त्या दिवशी घरातली बाई उंबरा ओलांडत नाही. तिनं तो ओलांडला तर आठवडाभर टाकीत काय, हा प्रश्न घरात फक्त तिलाच पडतो. त्यामुळं महिला बास्केटबॉल प्रशिक्षकांच्या आमच्या जिल्हा संघटनेची अध्यक्ष झाल्यावर मी पहिली गोष्ट शिकले ती ही, की कुठलीही तारीख काढायची तर आधी संघटनेतल्या चौदाही जणींचे पाण्याचे दिवस विचारून घ्यायचे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी ते पेन्सिलीनं लिहून ठेवत असे. या व्यवस्थेचा मला अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते.

अध्यक्ष होण्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. आधीच्या बाईंची बदली झाली आणि मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. रिकामा माणूस दिसला की संघटना त्याच्या गळ्यात पडते. "ताई, तुम्हाला आता काय काम आहे," असं म्हणत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि जुलै ते दिवाळी हे महिने माझे राहिले नाहीत. सकाळी मैदान मागायला जायचं. तिथं पुरुषांच्या संघटनेनं तारखा आधीच धरून ठेवलेल्या असायच्या, त्यांचं उरलंसुरलं आम्हाला. दुपारी गुलमंडीच्या बाजारात टी-शर्टांवर नंबर छापायला टाकायचे. छापणारा दर वर्षी सहा आणि नऊ यांत घोळ घालायचा आणि दर वर्षी माझ्यावरच डाफरायचा. संध्याकाळी शाळांना फोन. मधल्या वेळात मोबाइल वाजतच असायचा: पंचांचं जेवण, लिंबू-मीठ-साखर, बर्फ, मुख्याध्यापकांची परवानगी, कुणाच्या पोरीला ताप, कुणाच्या सासूचं ऑपरेशन. लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात त्या याच. घरचे म्हणायचे, सोड आता. मी म्हणायचे, यंदाचं वर्ष होऊ दे.

एक गोष्ट मात्र मी करून दाखवली होती. आमच्या स्पर्धेत मुलींच्या संघाच्या बाकावर बाईच प्रशिक्षक हवी, असा नियम पूर्वीपासून होता आणि शाळांनी त्यातून पळवाट काढली होती. खेळाचे सर मैदानाभोवतीच्या दोरीच्या मागं उभे राहून ओरडायचे आणि बाकावर शाळेतली सापडेल ती बाई आणून बसवायचे. एका वर्षी अंतिम सामन्यात एका संघाच्या प्रशिक्षक म्हणून शाळेच्या लिपिकबाई बसल्या होत्या. सामना संपेपर्यंत त्यांची मेथीची जुडी निवडून झाली होती. मध्येच एक मुलगी जोरात पडली तेव्हा त्यांनी मान वर करून मला विचारलं, "ही आपली का त्यांची?" मी त्याच दिवशी ठरवलं. अध्यक्ष झाल्यावर पहिल्याच बैठकीत नियम केला: संघटनेचं दोन दिवसांचं शिबिर पूर्ण केलं तरच बाईचं नाव रजिस्टरला लागणार, रजिस्टरला नाव असलं तरच ती बाकावर बसणार, आणि बाकावर तशी बाई नसली तर संघ बाद. दोरीमागून कुणी शिकवताना दिसलं तरी संघ बाद. सर लोक लई चिडले. मला त्याचा फार आनंद झाला.

नियम झाला त्याच्या पुढच्या वर्षी जुलैच्या बैठकीला एक नवी बाई आली. तिशीची असेल. फर्दापूर आणि अजिंठा यांच्या मधल्या एका खेड्यातून सकाळची एसटी धरून आली होती. अंगावर साडी, पदर खोचलेला आणि पायात खेळाचे बूट. ते बूट बघून आमच्यातल्या दोघी तोंड फिरवून हसल्या. लग्नाआधी ती विद्यापीठाच्या संघातून खेळली होती. मग शेतकऱ्याच्या घरात मोठी सून म्हणून गेली. नवरा फर्दापूरला पर्यटकांच्या हॉटेलात कामाला. दोन मुलं जरा मोठी झाल्यावर तिनं गावच्या शाळेत जाऊन पोरींना बास्केटबॉल शिकवायला सुरुवात केली. शाळेत तिला पद नव्हतं. मुख्याध्यापकांनी शेवटचा तास वापरू दिला होता, एवढंच.

बैठक संपल्यावर चहा पिताना तिनं तिचं सगळं अगदी सरळ सांगून टाकलं.

"मॅडम, सासऱ्यांनी एक वर्ष दिलंय. म्हनले, काय होतं ते बघ. नाय झालं तर कापसाला मानसं मिळत नायत, घरचं बघायचं."

"काय झालं म्हणजे झालं?" मी विचारलं.

"जिल्ह्याची कोच म्हनून माझ्या नावाचं पत्र आलं तर. मुख्याध्यापक बोललेत, तसं पत्र दाखवलं तर संस्था जूनपासून नेमनूक देईल. मग घरचे पन काय म्हननार नायत."

आमच्याकडं जिल्हा संघाची प्रशिक्षक निवडत नाहीत. जो संघ स्पर्धा जिंकतो त्याच्या बाकावरच्या बाईला ते पत्र जातं. निवडायला बसलं की भांडणं होतात म्हणून पडलेली ही जुनी पद्धत. म्हणजे तिच्या संघानं जिंकायला हवं होतं आणि जिंकताना बाकावर तिचं नाव हवं होतं.

ऑगस्ट लागल्यावर मी तिची शाळा बघायला गेले. जळगाव रोडचे हादरे खात पोचले तेव्हा शेवटचा तास सुरू होता. मुरमाचं मैदान, त्यावर एकच रिंग, तीही गावातल्या वेल्डिंगवाल्यानं करून दिलेली. बारा पोरी. निम्म्या शेतकऱ्यांच्या, निम्म्या मेंढरं राखणाऱ्या घरांतल्या. समोरच्या खेळाडूला अडवायचं कसं, ते ती शिकवत होती. तिनं एका काटक पोरीला पुढं बोलावून विचारलं, "मेंढरू कळपातून फुटनार हाय, हे तुला कशावरून कळतं गं?"

पोरगी म्हणाली, "मान कुटंबी फिरवू द्या बाई, कंबर वळली की फुटलं."

"मग हिच्या कंबरंकडं बघ. बॉलकडं नको, डोळ्याकडं तर नकोच."

आणि ती पोरगी खरोखर समोरचीच्या आधी हलायला लागली. तीस वर्षं मी हेच शिकवत आले, फळ्यावर बाण काढून काढून, आणि माझ्या पोरी चेंडूकडंच बघत राहिल्या. परतताना गाडीत मला भरून आलं. नियम करताना माझ्या मनात जी बाई होती ती ही, असं वाटलं. तिला मी तसं बोलून दाखवलं नाही. शिबिराला वेळेवर ये, इतकंच निघताना सांगितलं होतं.

शिबिराला मैदान मिळेना. मग एकदम पुरुष संघटनेकडून निरोप आला की अमुक दोन दिवस कोर्ट रिकामं आहे, हवं तर घ्या. मी कॅलेंडरसमोर उभी राहिले. त्या दोन दिवसांत चौदांपैकी एकीचाही पाण्याचा दिवस येत नव्हता. असं वर्षातून एखाद्या वेळी जमतं. मी पाच मिनिटांत होकार कळवला. कोर्ट रिकामं कसं, हे विचारायचं मला सुचलं नाही. त्यांची अर्धी पोरं खेड्यापाड्यांतली, ती पोळ्याला घरी जाणार होती. माझ्या पेन्सिलीच्या खुणांच्या शेजारीच बैलाचं चित्र छापलेलं होतं आणि मला ते दिसलंही असणार. पण माझा जन्म गुलमंडीच्या मागच्या गल्लीतला. आमच्याकडं पोळा म्हणजे बाजारातून आणलेली मातीची बैलजोडी पाटावर ठेवून ओवाळायची आणि पुरणपोळी खायची. संध्याकाळी पाचला शिबिर सुटलं की तेवढं सहज होतं. शहरातल्या सगळ्याजणींचं तसंच, म्हणून कुणीच हरकत घेतली नाही.

ती शिबिराला आली नाही. हजेरी घेताना मला ते जाणवलं, वाईट वाटलं आणि रागही आला. एवढी वर्षाची मुदत सांगून गेली आणि दोन दिवस काढता येत नाहीत, असं मनात आलं. फोन करावा म्हणत होते, तेवढ्यात बर्फवाला आला आणि मग ते राहूनच गेलं.

पुढं सगळं घाईनं झालं. प्रवेश अर्जांच्या गठ्ठ्यावर मी न बघता सह्या केल्या. त्यात तिचाही अर्ज होता. तिच्या गटाची पहिली फेरी तालुक्याला झाली, तिथं रजिस्टर न्यायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं. तिच्या पोरी तिन्ही सामने जिंकून उपांत्य फेरीत आल्या. ही फेरी आणि अंतिम सामना शहरात, दसऱ्यानंतरच्या शनिवार-रविवारी.

शनिवारी सकाळी त्या काळी-पिवळी जीपमधून उतरल्या. एका जीपमध्ये बारा पोरी, ती आणि भाकऱ्यांचं गाठोडं. समोरचा संघ आमच्या सचिवबाईंचा होता. सचिव म्हणजे माझा उजवा हात. नियमासाठी सरांशी माझ्याबरोबर तिनंच भांडण केलं होतं. ती रजिस्टर घेऊन माझ्याकडं आली.

"ताई, यांचं नाव नाहीये यात."

पंच जुन्या शहरातले. आमच्याकडं वर्षानुवर्षं येणारे, पोरींना बेटा म्हणणारे. त्यांनी रजिस्टर बघितलं आणि शिटी खाली सोडली. "मॅडम, रूल आपकाइच है. बोलो, शुरू करूँ के नक्को?"

मी त्या पोरींच्या बाईला चेंडू ठेवायच्या खोलीत घेऊन गेले. आत आम्ही दोघीच होतो. "शिबिराला का नाही आलीस गं?" मी विचारलं, चांगल्या चढ्या आवाजात.

ती गोंधळली. "मॅडम, मी तुम्हाला इचारलं होतं. तुम्ही व्हय म्हनलात."

तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. शिबिराच्या चार दिवस आधीचा निरोप होता. 'मॅडम, शिबिराच्या दुसऱ्या दिवशी पोळा आहे आणि आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी. मोठी सून मीच आहे, घरून सोडत नाहीत. नाही आले तर चालेल का? रजिस्टरला नाव राहील ना?' आणि त्याखाली माझा अंगठा. पिवळा, वर केलेला.

त्या दिवसांत मी अंगठेच देत होते. बर्फ सांगितला, अंगठा. पंच दोन वाढले, अंगठा. वाचायला वेळ कुठं होता. निरोप आला की बाई जाग्या आहेत एवढं कळावं म्हणून मी अंगठा टाकून पुढं जायची. तिनं तो होकार धरला, आणि कुणीही धरला असता. गावी तिनं सासऱ्यांना सांगितलं होतं की मोठ्या मॅडमनी पोळ्याला सुट्टी दिली. सासऱ्यांना ते फार आवडलं होतं, हे तिनं मला त्या खोलीतच सांगितलं.

"बघते मी," असं म्हणून मी बाहेर आले. ती माझ्या मागं आली, हातात मोबाइल तसाच.

बाहेर आठ-दहा जणी, पंच, दोन शाळांचे सर आणि सचिव माझ्या तोंडाकडं बघत उभे होते. मला एवढंच म्हणायचं होतं की हिनं विचारलं होतं, मी न वाचता हो म्हटलं, चूक माझी आहे, हिचं नाव लावा. दोन मिनिटांचं काम होतं. मी दोरीपलीकडच्या सरांकडं बघितलं. माझ्या नियमावर वर्षभर चिडून असलेले सर. उद्या प्रत्येक शाळा असला अंगठा दाखवत येईल, असं मी मनाशी म्हटलं. हे कारण मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिले आणि ते अगदीच खोटंही नाही. पण खरं कारण लाज हे होतं. पाण्याचे दिवस लिहून ठेवणारी, सगळ्यांची काळजी वाहणारी अध्यक्ष निरोप वाचत नाही, हे त्या लोकांपुढं माझ्या तोंडून निघेना.

"नियम सगळ्यांना सारखा," मी म्हणाले. "नाव नाही तर बाकावर बसता येणार नाही."

ती माझ्याकडं बघत होती. मी पुढं काहीतरी बोलेन असं तिला वाटत होतं. तिला तो मोबाइल सचिवबाईंपुढं धरता आला असता. तिनं धरला नाही. मोबाइल पर्समध्ये टाकून चेन लावली.

"बरं मॅडम," ती म्हणाली. "पन पोरी लई लांबून आल्यात."

मग मी मोठेपणा केला. रजिस्टरला नाव असलेली कुठलीही बाई बसू शकते, असं नियमातच होतं. माझं नाव त्यात होतंच, तेव्हा यांच्या बाकावर मी बसते, असं मी जाहीर केलं. सगळ्यांना ते फार आवडलं. एका सरांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर फाशी देणाऱ्याचा सत्कार, असला तो प्रकार होता.

ती दोरीच्या मागं जाऊन उभी राहिली. तिथून बोलायचं नाही, खुणाही करायच्या नाहीत, हाही माझाच नियम. तिनं पदराचा बोळा करून तोंडावर धरला होता. सामना सुरू झाला आणि मला कळलं की मला एकाही पोरीचं नाव माहीत नाही. "अगं सात नंबर," मी ओरडत होते, "अगं चार." पोरी माझ्याकडं बघतच नव्हत्या. चेंडू बाहेर गेला की बारा जोडी डोळे माझ्या डोक्यावरून दोरीकडं जायचे आणि ती मान खाली घालायची, संघ बाद होऊ नये म्हणून. मी एकदा टाइम-आउट घेतला. पोरी माझ्याभोवती गोळा झाल्या. "पाणी प्या," मी म्हणाले. त्या पाणी प्यायल्या आणि गेल्या.

त्या जिंकल्या. मी काही केलं नाही. त्या सचिवबाईंच्या पोरींच्या कंबरेकडं बघत राहिल्या आणि चेंडू काढून घेत राहिल्या. रविवारी अंतिम सामनाही जिंकल्या, तोही तसाच, मी बाकावर आणि ती दोरीमागं. सचिवबाईंनी माझा हात हातात घेऊन म्हटलं, "अभिनंदन ताई, तुमचा संघ छान खेळला." मनात काही कपट नव्हतं तिच्या, खरंच मनापासून म्हणाली. फोटोच्या वेळी मी पोरींच्या बाईला हाक मारली, पण ती जीपवाल्याला थांबवायला फाटकाकडं गेली होती. अंधार पडायच्या आत पोरींना घरी पोचवायचं तिनं आया-बापांना कबूल केलं होतं.

सोमवारच्या पेपरात फोटो आला. मधोमध मी, ढालीला हात लावून, खाली प्रशिक्षक म्हणून माझं नाव. जिल्हा संघाच्या प्रशिक्षकाचं पत्रही पद्धतीप्रमाणे माझ्याच नावानं निघालं. ते टाइप करणाऱ्या बाईनं मला पेढा दिला आणि मी तो खाल्ला.

त्या आठवड्यात मी बैठक बोलावली. या वेळी सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. तिचं नाव लावू या आणि पत्र बदलू या, असं म्हणाले. सचिवबाई हळूच म्हणाली, "ताई, आता नाव बदललं तर बिगरनोंदणीची प्रशिक्षक होती असं होईल. मग हरलेली शाळा तक्रार करणार आणि पोरींची ढाल परत जाणार." तिचं बरोबर होतं. तिचीच शाळा हरलेली होती आणि तिचे मुख्याध्यापक संधीच बघत होते. "त्या दिवशी त्या खोलीतून बाहेर आल्या आल्या बोलला असतात तर तिथंच नाव लावलं असतं आपण," ती म्हणाली. "मीच लावलं असतं." चहा आला आणि विषय बदलला.

मी संघटनेच्या कागदावर खेड्यातल्या त्या शाळेला पत्र लिहिलं, की या संघाच्या खऱ्या मार्गदर्शक याच आहेत. चांगलं दोन पानी लिहिलं. उत्तर आलं नाही. तिला फोन केले तर तिनं एकदाच उचलला. "सासऱ्यांनी पेपर आनला होता," ती म्हणाली. "दोनदा वाचला. मला म्हनले, यात तुझं नाव कुटं हाय?" मग कुकरची शिटी झाली आणि तिनं फोन ठेवला.

दिवाळी झाल्यावर मी तिच्या गावाला गेले. आधी शाळेत. मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ. माझं पत्र त्यांनी फायलीत नीट लावून ठेवलं होतं, तेही काढून दाखवलं. "मॅडम, पत्र छानच आहे," ते म्हणाले, "पण प्रशिक्षकाच्या पत्रावर नाव तुमचं आहे. संस्थेला कागद लागतो. मी दोनदा बोलून बघितलं." आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आता त्या येत नाहीत तर मुलींना मोकळं तरी किती फिरू द्यायचं? शेवटचा तास गणिताला दिलाय. संघ यंदापासून बंद." ढाल त्यांच्या कपाटावर होती. त्यांनी शिपायाला सांगून माझ्यासाठी चहा मागवला.

तिचं शेत शाळेपासून दूर नव्हतं. कापसाची वेचणी चालू होती. वेचलेला कापूस टाकायला कंबरेला कापडी ओटा बांधून ती आणि आणखी तीन बाया ओळीनं पुढं सरकत होत्या. बांधावर सासरे बसले होते. त्यांनी उठून मला नमस्कार केला, माझ्यासाठी पोतं झटकून अंथरलं आणि सुनेला हाक मारली. "मॅडम आल्यात गं. पानी दे." वाईट माणूस नव्हता. त्यांनी एक वर्ष दिलं होतं आणि ते वर्ष मी घालवलं.

ती आली, कळशीतलं पाणी दिलं, आणि जरा लांब उकिडवी बसली. पायात चपला होत्या. बोटांना बोंडांच्या टोकांनी चिरा पडलेल्या. मी म्हणाले, चूक माझी होती, मी बैठकीत सगळ्यांना सांगितलं. ती म्हणाली, "व्हय का." मी म्हणाले, पुढच्या वर्षी शिबिराची तारीख तुला विचारून काढते, तू ये फक्त.

"मॅडम, घरी यंदाचंच बोलनं झालं होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर मला त्या खाता आल्या असत्या.

मग तिनं विचारलं, "शाळेत माझ्या जागी कोन येनार हाय?"

मुख्याध्यापकांचं बोलणं तासाभरापूर्वीच ऐकलेलं होतं. तिच्यापर्यंत ते पोचलेलं नव्हतं, किंवा कुणाला सांगवलं नव्हतं. "बघतायत," मी म्हणाले.

"मग त्यांना येवढं सांगा," ती म्हणाली आणि पुढं सरकून बसली. "लिवून घ्या, नायतर इसराल तुम्ही."

मी पर्समधून वही काढली. ती कापसातला कचरा निवडत निवडत सांगत गेली. सात नंबर डावरी आहे, तिला उजव्या कोपऱ्यात उभी करू नका. चार नंबरवर ओरडलं की ती बंद पडते, तिला जवळ जाऊन हळू सांगायचं. नऊ नंबरला पाळी आली की पोट फार दुखतं, ती बोलत नाही, तोंडावरून ओळखायचं. दोघी बहिणींना एका संघात ठेवा पण एका वेळी आत सोडू नका. बारा नंबरला चष्मा लागलाय, बापाच्या कानावर घाला, तो ऐकतो. प्रत्येकीचं नाव ती घेत होती आणि मी पहिल्यांदा ती नावं लिहून घेत होते. खोटं तर बोलून बसले होते, आता खरं सांगायचं तर हे सगळं तिला मध्येच थांबवावं लागलं असतं. मला ते जमलं नाही. दुसऱ्यांदा मी तिच्यासमोर गप्प बसले.

शेवटी अकरा नंबर राहिली. तीच ती कंबर ओळखणारी काटक पोरगी.

"तिचं घर परवा मेंढरं घेऊन निघालं," ती म्हणाली. "पावसाच्या तोंडाला येतील माघारी. तवर तिची जागा कुनाला देऊ नका म्हनावं. दुसरी पोरगी उभी दिसली तर ती परत मैदानात पाय ठेवनार नाय."

मी खाली मान घालून लिहीत होते.

"लिवलं का?" तिनं विचारलं.

"लिहिलं," मी म्हणाले.